पुळणीवरचा विश्वास

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी काढून खाणे आणि विकणे पूर्वी सर्रास चाले. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा; पुळणीवर मात्र त्याला फारसे कुणी विचारत नसे. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने मंडणगड तालुक्यातल्या वेळासला संरक्षणाचे काम हाती घेतले. वाळूतले मादीचे माग ओळखणारी, काठी टोचून अंड्यांचा नेमका खड्डा शोधणारी माणसे गावातच होती. अंडी पळवायला जे कसब लागते, तेच ती राखायलाही लागते. गावकरीच ‘कासवमित्र’ झाले.

एका घरट्यात साधारण शंभर-सव्वाशे अंडी असतात. ती अलगद काढून हॅचरीत, मूळ खड्ड्याएवढ्याच खोलीवर पुरतात आणि भोवती जाळी लावतात. पिल्ले बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात. पिल्लू नर निपजणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरते. म्हणून कासवमित्राच्या वहीतल्या तारखांना शास्त्रज्ञांच्या लेखी मोल असते. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला, पाहुणे घरोघरी उतरू लागले आणि कासवामुळे गावात चार पैसे आले.

खोल पाण्यातला प्रश्न जास्त अवघड होता. जाळ्यात अडकलेले कासव सोडवायचे तर जाळे कापावे लागते, आणि तो भुर्दंड मच्छीमाराला. डिसेंबर २०१८ पासून राज्य शासन त्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देते. पुरावा म्हणून मच्छीमाराने स्वतः काढलेले फोटो चालतात. उपदेशाच्या दहा सभांनी झाले नसते, ते या एका निर्णयाने साधले. शिवाय कोणता जीव कुठे सापडतो, याच्या नोंदीही हाती आल्या. 

जानेवारी २०२२ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थान आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी कोकण किनाऱ्यावरच्या कासवांना उपग्रह टॅग लावायला सुरुवात केली. वेळासची ‘प्रथमा’ त्यातली पहिली. २०२३ मध्ये गुहागरला टॅग लावलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. पुढे २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर ओडिशात २०२१ साली लावलेली क्रमांकाची पट्टी आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे वेगवेगळी, हा समज आता नव्याने तपासावा लागत आहे.