जुन्या मोटारीचा इंधनहिशेब



मोटारीचा विषय निघाला की आपल्या देशात पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : गाडी ॲव्हरेज किती देते? कोलकात्यात विचारा, अहमदाबादेत विचारा, भाषा बदलते पण हा शब्द सहसा बदलत नाही. या अर्थाने तो आपणच रूढ केला आहे. आणि माझ्या मते तो फार नेमका आहे. ॲव्हरेज म्हणजे सरासरी. एका लिटर पेट्रोलवर गाडी किती किलोमीटर जाते ही गोष्ट मुळात सरासरीनेच कळण्यासारखी आहे. गंमत एवढीच की, विचारणारा सरासरी विचारतो आणि सांगणारा आपल्या आठवणीतील सर्वांत चांगल्या दिवसाचा आकडा सांगतो.

आज मला बोलावयाचे आहे ते जुन्या मोटारींविषयी. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या ॲम्बॅसॅडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी त्याआधीच बंद झाली होती. टॅक्सीच्या रूपाने ती मुंबईच्या रस्त्यांवर दिसत असे, तेही २०२३ साली संपले. डिसेंबर १९८३ मध्ये अवतरलेल्या मारुती ८०० चे उत्पादनही २०१४ च्या आरंभी थांबले. तरीसुद्धा या गाड्या अजून अनेक घरांसमोर उभ्या आहेत. कोणी प्रेमापोटी त्या ठेविल्या आहेत, तर कोणी दुसरी घेणे परवडत नाही म्हणून. या दुसऱ्या वर्गातील मालकापुढे प्रश्न खरा असतो : गाडी पेट्रोल फार पिते, तिच्यावर खर्च करावा की तिला निरोप द्यावा? या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे तर हाती विश्वासार्ह आकडा हवा. आणि दुरुस्तीवर शेकडो रुपये खर्च करणारे बहुतेक लोक नेमका हा आकडा, ज्याला एक वही आणि एक पेन्सिल यांपलीकडे काही लागत नाही, तोच काढीत नाहीत.

मापनाची साधी रीत अशी. पेट्रोल पंपावर टाकी भरावयास सांगावे आणि नोझल आपोआप प्रथम बंद होईल तेथेच थांबावे. रक्कम पूर्ण आकड्यात यावी म्हणून वर आणखी थोडे घालण्याचा आग्रह होतो, तो नम्रपणे नाकारावा. अंतरमापकावरील आकडा वहीत टिपावा. मग नेहमीप्रमाणे गाडी चालवावी; मुद्दाम जपून चालवू नये, कारण मग ते माप गाडीचे न राहता आपल्या संयमाचे होते. टाकी बरीच रिकामी झाली की शक्यतो त्याच पंपावर, त्याच यंत्रापाशी, गाडी त्याच दिशेने उभी करून पुन्हा पहिल्या थांब्यापर्यंत भरावी. समजा, पहिल्या वेळी आकडा ४८,२१० होता, आता तो ४८,५५२ आहे, आणि टाकीत २८.५ लिटर पेट्रोल मावले. अंतर ३४२ किलोमीटर. भागाकार केला की लिटरला १२ किलोमीटर.

हा १२ चा आकडा तूर्त कच्चाच समजावा. नोझल दर वेळी अगदी त्याच पातळीवर थांबते असे नाही. गाडी किंचित कलती उभी असेल, टाकीत हवा अडकली असेल, तर अर्ध्या लिटरचा फरक सहज पडतो. २८.५ लिटरांत अर्धा लिटर म्हणजे पावणेदोन टक्के. हे चालण्यासारखे आहे. परंतु पाच लिटर भरून हिशेब करणाऱ्याच्या बाबतीत तोच अर्धा लिटर दहा टक्के होतो. आणि दहा टक्के म्हणजे चांगल्या दुरुस्तीने होणाऱ्या बचतीइतकी रक्कम! तेव्हा एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये. निदान पाच टाक्यांची बेरीज करावी. येथे गणित आपल्याला मोठा हात देते. एका वेळी टाकी थोडी कमी भरली गेली, तर पुढच्या वेळी तेवढीच ती अधिक घेते, म्हणजे मधल्या चुका परस्परांना छेदून जातात. केवळ पहिल्या आणि शेवटच्या भरण्यातील चूक शिल्लक राहते. १४० लिटरांच्या बेरजेत ती अर्ध्या टक्क्याच्याही आत येते.

दुसरी शंका अंतरमापकाची. जुन्या मोटारीत हा मापक तारेने फिरतो आणि चाकाच्या फेऱ्या मोजतो. रस्ता मोजीत नाही. मूळचे टायर बदलून वेगळ्या मापाचे बसविले की चाकाचा परीघ बदलतो आणि मापकाचे किलोमीटर खोटे होतात. राष्ट्रीय महामार्गावरील पिवळ्या डोक्याचे दगड यासाठी उपयोगी पडतात. वीस किलोमीटरच्या दगडांमध्ये आपला मापक २०.८ दाखवीत असेल तर तो शेकडा चार अधिक सांगतो आहे. मग वरील ३४२ किलोमीटर प्रत्यक्षात सुमारे ३२९ ठरतात, आणि १२ चे साडेअकरा होतात. कित्येक गाड्यांचा नव्या टायरांनंतर वाढलेला किंवा घटलेला ॲव्हरेज एवढ्यापुरताच असतो.

काही गॅरेजांत टाकीची नळी काढून कार्ब्युरेटरला एक लिटरची बाटली जोडतात आणि गाडी थांबेपर्यंत चालवून पाहतात. तापलेल्या इंजिनाशेजारी पेट्रोलची उघडी बाटली लोंबकळत ठेवणे हा आगीशी खेळ आहे, हे एक. आणि मोकळ्या रस्त्यावर, गरम इंजिनावर मिळालेला तो आकडा आपल्या रोजच्या प्रवासाविषयी फारसे काही सांगत नाही, हे दुसरे. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेत मोटारींची प्रमाणित चाचणी होते, ती प्रयोगशाळेतील रुळांवर, ठरलेल्या वेगांच्या क्रमाने. तिचा हेतू एका गाडीची दुसरीशी तुलना करणे हा आहे. आपल्याला तुलना करावयाची आहे ती आपल्याच गाडीची, काल आणि आज यांमध्ये.

आता एक मुद्दा थोडा थांबून पाहू, कारण जुन्या गाडीचा मालक त्यावाचून आपला लाभ ओळखू शकत नाही. लिटरमागे किलोमीटर हे परिमाण दिसावयास सोपे, पण फसवे आहे. एक गाडी १० वरून १२ वर गेली आणि दुसरी १८ वरून २० वर गेली, तर दोघींची सुधारणा सारखीच, म्हणजे दोन किलोमीटरची, असे कोणीही म्हणेल. आता शंभर किलोमीटरला लागणारे पेट्रोल काढून पाहा. पहिल्या गाडीस १० लिटर लागत होते, आता ८.३३ लागतात, बचत १.६७ लिटर. दुसरीस ५.५६ लागत होते, आता ५ लागतात; बचत ०.५६ लिटर. पहिलीची बचत दुसरीच्या तिप्पट झाली! यास्तव जी गाडी अधिक पेट्रोल खाते तिच्याच दुरुस्तीत अधिक पैसे परत मिळतात. महिन्याला ८०० किलोमीटर चालणाऱ्या अशा गाडीत १० चे १२ झाले तर महिना तेरा लिटर वाचतात. लिटरचा भाव शंभर रुपयांच्या आसपास असता ही रक्कम उपेक्षणीय नव्हे.

परंतु १० चे १२ व्हावयाचे कसे? येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. जुन्या मोटारीत इंधन वाचविणे म्हणजे काही नवे कमावणे नव्हे. गळून गेलेले परत मिळविणे होय. पेट्रोलच्या नळीवर बांधावयाची चुंबके, टाकीत टाकावयाच्या गोळ्या, हवेच्या वाटेत बसवावयाचे पंखे यांचा बाजार फार जुना आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभरांहून अधिक साधने तपासली. इंधनाची लक्षणीय बचत करणारे त्यांत तिला एकही आढळले नाही. या साधनांचा लाभ झाल्याचे शपथेवर सांगणारे लोक खोटे बोलतात असे नाही. साधन बसविल्यावर माणूस महिनाभर जपून गाडी चालवितो, एवढेच.

गळती शोधावयाची तर चाकांपासून आरंभ करावा. इंजिनाकडे मागाहून वळावे. बहुतेक जण उलट करतात आणि कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवू लागतात. सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ढकलून पाहावी. एका माणसाला ती फारशी न कण्हता हलविता आली पाहिजे. पंधरा किलोमीटर, शक्य तितका कमी ब्रेक दाबीत, चालवून थांबावे आणि प्रत्येक चाकाच्या ड्रमजवळ हात नेऊन पाहावा. तीन कोमट आणि एक चटका देणारा असेल तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाही, आणि आपण मैलोगणती ब्रेक दाबूनच गाडी हाकीत आहोत. टायरमधील हवा गाडी थंड असताना मोजावी. कमी हवेचा टायर प्रत्येक फेरीत दबतो, उठतो, तापतो, आणि ही उष्णता पेट्रोलमधूनच येते. चाकांची अलाइनमेंट बिघडली असल्यास टायरची एक कड लवकर झिजते, ती नजरेला दिसते.

मग इंजिन. वायुगाळणी धुळीने भरली की कार्ब्युरेटरमधून हवेच्या मानाने पेट्रोल अधिक ओढले जाते. उत्तरेच्या उन्हाळ्यातील धूळ पाहता तिची पाळी पुस्तकात लिहिल्यापेक्षा लवकर येते. स्पार्क प्लग काढून त्यांचा रंग पाहावा : फिकट तपकिरी उत्तम, काजळीचा काळा म्हणजे मिश्रण दाट, पांढुरका म्हणजे विरळ. जुन्या वितरकातील कॉन्टॅक्ट पॉइंटांचा ठोकळा झिजून अंतर कमी होते, ठिणगी उशिरा पडते, आणि पेट्रोल जळते खरे पण पिस्टन ढकलण्याऐवजी धुराड्यातून उष्णता बाहेर टाकते. अर्धवट ओढलेला राहिलेला चोक तर मोटारीत बसूनच बंद करता येतो. उन्हाळ्यात इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची आपल्याकडे जी रीत पडली आहे, ती मला बिलकूल मान्य नाही. तापण्याचे कारण रेडिएटरमध्ये किंवा पंख्याच्या पट्ट्यात असते. ते तसेच राहते, आणि हिवाळ्यात इंजिन योग्य तापमानाला पोहोचतच नाही. थंड इंजिन अधिक पेट्रोल मागते आणि लवकर झिजते.

अलीकडे या हिशेबात इंधनाचाच एक फरक मिसळला आहे. २०२२ च्या मध्यास देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण दहा टक्क्यांवर पोहोचले, आणि २०२५ साली वीस टक्क्यांवर. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश इतकीच उष्णता असते. तेव्हा वीस टक्के मिश्रणात लिटरमागे सहा-सात टक्के उष्णता कमी मिळते, हे तोंडी हिशेबानेही येते. शुद्ध पेट्रोलसाठी बनविलेल्या आणि दहा टक्के मिश्रणाला जुळवून घेतलेल्या मोटारींच्या बाबतीत नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेही घट एवढीच अंदाजिली होती. म्हणून चार-पाच वर्षांपूर्वीच्या वहीतील आकड्याशी आजचा आकडा ताडताना काही फरक इंधनाच्या खाती टाकावा, इंजिनाच्या नव्हे. मात्र येथे एक काळजी घ्यावी. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या आणि पडदे इथेनॉल विचारात घेऊन केलेले नसतात. ते फुगतात, मऊ होतात, भेगाळतात. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर ॲव्हरेजचा विचार बाजूस ठेवून प्रथम नळ्या बदलाव्यात.

चालविण्याच्या पद्धतीविषयी थोडक्यात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो; ताशी ६० ऐवजी ८० ने गेल्यास तो जवळजवळ पावणेदोनपट होतो, आणि ॲम्बॅसॅडर-पद्मिनीसारख्या चार गिअरांच्या गाडीत इंजिनही विनाकारण ओरडत राहते. ताशी ५० च्या आसपास, वरच्या गिअरमध्ये, समोरचा सिग्नल दुरून पाहून पाय उचलणे यात बहुतेक सर्व आले. घाटाच्या उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडून देणारे चालक मात्र मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या काटकसरीचे मला भय वाटते. इंजिनाचा रोध गेला की सगळा भार ड्रमब्रेकांवर येतो. ते तापतात आणि धरीनासे होतात. घोटभर पेट्रोलासाठी खंडाळ्याच्या उतारावर हा व्यवहार कोणी करू नये.

आणि हे सर्व करूनही आकडा हलला नाही तर? मग सिलिंडरांतील दाब मोजून घ्यावा. ज्या सिलिंडरात तो कमी भरेल त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावा. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत; न वाढला तर दोष बहुधा व्हॉल्व्हांचा आहे. व्हॉल्व्ह घासून बसविण्याचे काम तुलनेने स्वस्त आहे. रिंगांचे, आणि त्याबरोबर येणारे बोअरिंगचे, तसे नाही. येथे मेकॅनिकने सांगितलेला खर्च वहीतील लिटरांशेजारी मांडावा. गाडी महिन्यास ३०० किलोमीटरच चालत असेल आणि १० चे १२ होणार असतील, तर महिन्याला पाच लिटर, म्हणजे वर्षाला साठ लिटर वाचतील. एवढ्या बचतीतून इंजिन नव्याने बांधण्याचा खर्च लवकर वसूल होत नाही. धूर फार होतो म्हणून, अथवा गाडी आणखी दहा वर्षे ठेवावयाची आहे म्हणून तो करावा. पेट्रोलसाठी करावयाचा असेल तर आधी महिन्याचे किलोमीटर मोजावेत.