यंत्र लिहील, विचारपूस आपणच करू
(संस्थेच्या आरोग्य कर्मचारी मेळाव्यात केलेले भाषण)



 आम्ही म्हणजे सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या परिचारिका आणि वस्तीत घरोघर फिरणाऱ्या आशा कार्यकर्त्या. येथे उभी एक आहे, परंतु बोलणे सर्वांचे आहे. विषय दिला आहे, ‘आरोग्यसेवा आणि डिजिटल सहायक’. नाव मोठे असले तरी वस्तू साधी आहे. आपण बोललो तर ऐकून लिहून देणारा, लांबलचक कागद थोडक्यात सांगणारा, तारखेची आठवण करून देणारा, संगणकातला वा मोबाईलमधला मदतनीस.

असा मदतनीस हवा कशाला, हे समजण्यासाठी आमचा दिवस पाहावा लागेल. ड्यूटीवर आल्याबरोबर रात्रीच्या सिस्टरकडून ओव्हर घ्यायचा. मग ताप-नाडीचा तक्ता, इनटेक-आउटपुट चार्ट, औषधांचा इंडेंट, डिस्चार्ज कार्ड. आशाताईच्या पिशवीत गरोदर माता, लसीकरण, क्षयरोग, जन्म-मृत्यू अशा वेगवेगळ्या वह्या, आणि तीच माहिती पुन्हा मोबाईलमध्ये भरावयाची. म्हणजे ऑनलाईन आले, पण वही गेली नाही! रुग्ण “सिस्टर, सिस्टर” अशी हाक मारतो, तेव्हा आमची मान कागदात खुपसलेली असते. नातेवाईक म्हणतात, सिस्टर लक्ष देत नाहीत. त्यांचेही खोटे नाही.

हे दुखणे केवळ आपल्याकडचेच आहे असे नव्हे. २०१६ साली अमेरिकेतील डॉक्टरांच्या कामाची घड्याळ लावून पाहणी प्रसिद्ध झाली. रुग्णासमोर घालविलेल्या प्रत्येक तासामागे जवळजवळ दोन तास संगणकातील नोंदी व टेबलावरची कामे यांत जातात, असे त्यात आढळले. म्हणजे नुसता संगणक आणून वेळ वाचत नाही. कागदाचे ओझे पडद्यावर जाते, एवढेच.

आता मदतनिसाचा उपयोग कोठे होतो ते सांगतो. ड्यूटी संपताना आम्ही बोलत जावे आणि त्याने ओव्हरचा कच्चा मसुदा करावा, हे चांगले जमते. डिस्चार्ज कार्डावरील इंग्रजी सूचना सोप्या मराठीत आणणे, हेही जमते. तिसरे काम आठवणीचे. साध्या क्षयरोगाचे औषधसुद्धा साधारण सहा महिने चालते. दोन महिन्यांत बरे वाटू लागले की माणूस गोळ्या सोडतो, आणि रोग उलटतो. अशा रुग्णांच्या नोंदीसाठी २०१२ पासून ‘निक्षय’ ही सरकारी संगणकीय व्यवस्था आहे. आज कोणाकडे जायचे, कोणाची गोळी चुकली, ही यादी सकाळीच हातात आली तर आशाताईची पायपीट नेमक्या दारी जाते.

परंतु बंधू-भगिनींनो, येथेच सावध राहावयास हवे. एक प्रसंग सांगतो. एका रुग्णालयात रुग्णाचे बोलणे ऐकून केसपेपरवर थोडक्यात टिपण तयार करणारी अशी व्यवस्था काही दिवस वापरून पाहिली जात होती. एक आजी आल्या. म्हणाल्या, “बाई, सकाळपासून जीव घाबरा होतोय.” यंत्राने टिपण केले : रुग्ण चिंताग्रस्त, भीती वाटते. शब्दाला शब्द लावला तर चूक म्हणता येणार नाही. कागद खालच्या गठ्ठ्यात गेलाही असता. पण आमच्यातील एकीने आजींचा हात हातात घेतला. तो थंडगार आणि घामाने ओला होता. आपल्या घरात ‘जीव घाबरा होतो’ म्हणजे काय, हे तिला आईच्या तोंडून ठाऊक होते. तिने कागद वर ठेवला, डॉक्टरांना बोलावले, ईसीजी काढला. हृदयविकाराचा झटका होता. आजी वाचल्या. त्या दिवशी यंत्राचे वाक्य तसेच मान्य केले असते तर?

१९६६ साली अमेरिकेत जोसेफ वायझेनबॉम या शास्त्रज्ञाने ‘एलायझा’ नावाचा संगणकीय कार्यक्रम प्रसिद्ध केला. रुग्णाचेच वाक्य फिरवून ती प्रश्न विचारीत असे. लोक तिच्याशी मन मोकळे करू लागले, आणि हे पाहून तो शास्त्रज्ञच अस्वस्थ झाला. कारण तिला काहीच समजत नाही, हे त्याला माहीत होते. आजची यंत्रे त्याहून पुष्कळ हुशार आहेत. पण हात थंड पडला आहे, हे नुसते शब्द ऐकणाऱ्याला कसे कळणार?

आकड्यांचीही तीच गोष्ट. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’, ‘एकोणऐंशी’ आणि ‘एकोणनव्वद’ यांत माणसाचा कान चुकतो, तसा यंत्राचाही चुकतो. बाळाच्या सिरपचे ‘अडीच मिली’ लिहिताना चूक झाली तर काय होईल, हे आईला विचारा. हायड्रॅलाझिन रक्तदाबासाठी, हायड्रॉक्सिझिन खाजेसाठी. नावे ऐकायला जुळी बहिणींसारखी! शिवाय बोलणे लिहून घेणारी यंत्रे कधी कधी न बोललेली वाक्येही घालतात, असे २०२४ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले आहे.

म्हणून आम्ही आपसांत काही नियम ठरविले आहेत. पहिला : यंत्राने लिहिलेला मजकूर हा मसुदा समजावा. औषध, मात्रा, वेळ आणि रुग्णाचे नाव मोठ्याने वाचून ताडून पाहिल्याखेरीज सही करू नये. सही आपली असते, आणि चौकशीही आपलीच होते. दुसरा : रुग्णाची तक्रार त्याच्याच शब्दांत एक ओळ तरी लिहावी. तिसरा : रोगनिदान व औषध डॉक्टरांचेच. देशाच्या मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांतही म्हटले आहे की, अशा यंत्रणा डॉक्टरांना साहाय्य करू शकतात, परंतु रुग्णाला सल्ला वा औषध स्वतः देऊ शकत नाहीत.

चौथा नियम सर्वांत नाजूक आहे. रुग्णाचे नाव, पत्ता, रिपोर्टचा फोटो आपल्या खाजगी मोबाईलवरील फुकटच्या कार्यक्रमात कधीही टाकू नये. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने रुग्णाच्या संमतीवाचून त्याची स्थिती उघड करण्यास मनाई केली आहे. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदाही झाला. पण कायद्यापेक्षा वस्ती आम्हाला जास्त शिकविते. एखाद्या मुलीला क्षयरोग आहे, ही बातमी फुटली की ठरलेले लग्न मोडते, भाड्याची खोली सुटते. गेलेली गोष्ट परत आणता येत नाही.

आता प्रशासनाकडे एक मागणी. या मदतनिसामुळे एखाद्या ड्यूटीत आमचा अर्धा तास वाचला, तर तो अर्धा तास कोणाचा? त्यात आणखी एक रजिस्टर येणार असेल, किंवा ‘आता यंत्र आहे’ म्हणून रिकामी पदे भरली जाणार नसतील, तर असली कार्यक्षमता आम्हाला नको. तो अर्धा तास रुग्णाचा आहे. त्यात पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलता येईल, बाळंतिणीला अंगावर पाजणे शिकविता येईल, एकट्या म्हाताऱ्याजवळ दोन मिनिटे बसता येईल.

आणि संस्थेकडे एक विनंती. आपल्यातील शिकलेल्या मुला-मुलींनी महिन्यातून एक रविवार द्यावा. वाचनालयात बसून वयस्कर मंडळींना डिस्चार्ज कार्ड वाचून दाखवावे, पुढची तारीख मोबाईलमध्ये लावून द्यावी, आणि कोणता ओटीपी कोणालाही सांगू नये, हे समजवावे. याला पैसा लागत नाही. माणसे लागतात, आणि ती येथे समोर बसली आहेत.

यंत्राला आमचा विरोध नाही. त्याने आमच्या हातातील लेखणी खुशाल घ्यावी. मात्र मोकळा झालेला तो हात रुग्णाच्या हातात जावा, एवढीच आमची इच्छा आहे.