नंदीच्या पायथ्याची वाइन

बेंगळुरूच्या शिवाजीनगरातून उत्तरेला सुमारे ४० किलोमीटरवर दोड्डबळ्ळापूर लागतं. तिथं, नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी, कंवल ग्रोव्हर यांनी १९८८ साली फ्रेंच जातीच्या द्राक्षांचा मळा उभा केला. फ्रान्सच्या शँपेन भागातले जॉर्ज व्हेसेल त्यांच्या सोबतीला होते. २०१२ मध्ये ही वायनरी आपल्या इगतपुरी तालुक्यातल्या सांजेगावच्या वायनरीशी एक झाली, आणि ‘ग्रोव्हर झॅम्पा’ हे नाव आलं.

युरोपात कडक थंडीत वेल झोपतो. इथं तो झोपतच नाही. म्हणून वर्षातून दोनदा कात्री चालते: उन्हाळ्यात खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळछाटणी. नाशिकच्या बागाईतदाराला हे वेगळं सांगायला नको. ही युक्ती मला फार मोलाची वाटते. तिच्याविना आपल्या हवेत चांगली वाइन होणं कठीण.

आता जेवणाचं. इथली ‘ला रिझर्व्ह’ ही कॅबरने सोव्हिन्यों आणि शिराझची लाल वाइन, ओकच्या पिंपात मुरलेली. शिवाजीनगरात रसेल मार्केटच्या आसपास निखाऱ्यावर भाजलेले सीख कबाब मिळतात. त्यांच्या चरबीत या वाइनचा तुरटपणा मऊ होतो. मात्र झणझणीत रश्श्यासोबत ती घेऊ नये, तिखट आणखी झोंबतं. पुदिना-कोथिंबिरीच्या हिरव्या वाटणातल्या दोन्ने बिर्याणीला गार सोव्हिन्यों ब्लां ही पांढरी वाइन घ्यावी. तिलाही हिरव्या पाल्याचा वास असतो. तळलेल्या मासळीवर लिंबू पिळलं, की तिथंही हीच शोभते.