मिनीस्कर्टच्या फोटोबाहेरचं काबूल



मला बोलायला सांगितलंय जुन्या फोटोंवर. मी एकच शहर घेतलंय, काबूल. कारण त्याचे जुने फोटो तुमच्या प्रत्येकाच्या मोबाइलवर कधी ना कधी येऊन गेले असणार. वर रस्त्यावरून हसत चाललेल्या स्कर्टमधल्या तरुणी, खाली निळ्या बुरख्यातल्या बायका. 'तेव्हा' आणि 'आता'. मधे काय झालं ते लिहिलेलं नसतं. ती जागा वाचणाऱ्याने भरायची असते, आणि तिथे कोणता शब्द भरला जातो हे आपल्याला चांगलं माहीत आहे. ऑफिसच्या ग्रुपवर एकटाच मुसलमान असेल तर त्याला हा फोटो 'तुझं काय मत?' म्हणून हमखास येतो.

तर आधी त्या फोटोविषयी. तो लॉरांस ब्रुन या फ्रेंच छायाचित्रकार बाईंनी १९७२ साली काबूलमध्ये काढला. तीन मुली, मिनीस्कर्ट. २०१७ मध्ये अमेरिकेचे सुरक्षा सल्लागार मॅकमास्टर यांनी १९७२ चा असाच एक फोटो राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांना दाखवला, अफगाणिस्तानात सैन्य ठेवावं हे पटवायला. वॉशिंग्टन पोस्टने ती बातमी दिली होती. एका संध्याकाळी बाजारात निघाल्यासारख्या त्या मुली, आणि पंचेचाळीस वर्षांनी त्यांचा फोटो युद्धाच्या बैठकीत.

दुसरे खूप फिरणारे फोटो आहेत ते मोहम्मद कयूमी यांच्यामुळे. हे काबूलमध्ये वाढलेले इंजिनिअर, पुढे अमेरिकेत विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. २०१० मध्ये त्यांनी फॉरेन पॉलिसी मासिकात जुने फोटो छापले. काबूल विद्यापीठातला जीवशास्त्राचा वर्ग, रेकॉर्डचं दुकान, शहराची बस, स्काउटची मुलं. हे फोटो आले कुठून? अफगाणिस्तानच्या नियोजन मंत्रालयाच्या जुन्या पुस्तकातून. म्हणजे सरकारने आपली प्रगती दाखवायला काढलेले. आपल्याकडच्या सरकारी माहितीपुस्तिकेत खड्डा दिसतो का कधी? फोटो खोटे नाहीत, पण निवडलेले आहेत. कयूमींनी स्वतः ते कुठून घेतले हे लिहिलं होतं. फॉरवर्ड होताना तेवढंच गळालं. आमच्या धंद्यात आम्ही म्हणतो, डेटा राहिला आणि मेटाडेटा गेला, की त्या डेटाचं कोणीही काहीही करू शकतो.

तिसरा संग्रह मला जास्त आवडतो. बिल पॉडलिश नावाचे अमेरिकन प्राध्यापक १९६७ मध्ये युनेस्कोतर्फे काबूलच्या शिक्षक महाविद्यालयात शिकवायला गेले. त्यांना काही सिद्ध करायचं नव्हतं, दिसेल ते टिपत गेले. गणवेशातल्या मुली शाळेतून घरी चालल्यात. डोंगरउतारावर मातीची घरं. आणि एकाच रस्त्यावर बुरखा घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायका, जवळून जाताहेत, कोणी कोणाकडे वळून बघत नाही. हे फोटो 'तेव्हा आणि आता'च्या चौकटीत बसत नाहीत, कारण 'आता'वाली बाई 'तेव्हा'च्या फोटोतच उभी आहे. तिला कोणी फॉरवर्ड करत नाही. शहराबाहेर तर तिचीच संख्या मोठी होती, आणि गावात मुलींसाठी शाळा असणं हीच दुर्मीळ गोष्ट होती.

मग आपल्यातला कोणी लगेच म्हणतो, 'बघा, सगळा प्रोपगंडा!' तिथेही मला थांबायचं आहे. १९५९ च्या स्वातंत्र्योत्सवात मंत्र्यांच्या बायका पडद्याशिवाय मंचावर बसल्या. १९६४ च्या राज्यघटनेने बायकांना मताचा हक्क दिला, १९६५ मध्ये चार बायका निवडून संसदेत गेल्या, कुब्रा नूरजई आरोग्यमंत्री झाल्या. हे फोटोपुरतं नव्हतं. आणि या सगळ्या बायका मुसलमानच होत्या, बुरख्यातल्याही आणि स्कर्टमधल्याही.

फोटो हत्यार व्हायला व्हॉट्सअॅप लागत नाही. बादशाह अमानुल्लाह आणि राणी सुरैय्या १९२७ च्या डिसेंबरात आपल्या मुंबईहूनच बोटीने युरोपच्या दौऱ्यावर निघाले. तिकडे राणीचे उघड्या चेहऱ्याचे फोटो निघाले. ते टोळ्यांच्या मुलखात हातोहात फिरवले गेले, बादशाह दीन सोडून गेला याचा पुरावा म्हणून. १९२८ च्या नोव्हेंबरात बंड पेटलं, जानेवारीत त्याला गादी सोडावी लागली. पदच्युत कुटुंब १९२९ मध्ये पुन्हा मुंबईत आलं, इथे त्यांना मुलगी झाली. तिचं नाव ठेवलं इंडिया. तेव्हा राणीचा फोटो दाखवून सांगितलं, दीन बुडाला. आज तसाच फोटो दाखवून सांगतात, दीनाने बुडवलं. फोटोतल्या बाईला दोन्ही वेळा कोणी विचारलेलं नाही.

आणि मधली ती रिकामी जागा? १९७८ चं कम्युनिस्ट बंड, १९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा, मग १९९२ ते ९६ मुजाहिदीन गटांची आपसातली लढाई. काबूलचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला तो या चार वर्षांत, तालिबान शहरात शिरायच्या आधी. एक साधी खूण सांगतो. १९७९ पासून काबूलमध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या स्कोडा कंपनीच्या विजेवर चालणाऱ्या ट्रॉलीबस धावत होत्या. या लढाईत त्या बंद पडल्या आणि वरच्या तारा लुटून नेल्या गेल्या.

तालिबानने पहिल्या राजवटीत माणसांचे फोटो काढायला बंदी केली, पण ओळखपत्राचे फोटो चालत. सरकारला कागद लागतोच! काबूलच्या फुटपाथवरचे फोटोवाले लाकडी खोक्याच्या कॅमेऱ्यावर काम करत. कॅमेरा आणि डार्करूम एकाच खोक्यात. बाहीतून हात आत घालून कागदावर निगेटिव्ह धुवायची, मग त्या निगेटिव्हचाच पुन्हा फोटो काढायचा, की सरळ चित्र मिळतं. गंमत म्हणजे कंदहारच्या स्टुडिओत खुद्द तालिबान तरुणांनी डोळ्यांत सुरमा घालून, फुलांसोबत काढून घेतलेले रंगवलेले फोटो थॉमस ड्वॉरझाक या छायाचित्रकाराला नंतर सापडले. आपण बरे दिसावं असं त्यांनाही वाटत होतं.

मला विचाराल, तर मिनीस्कर्टचा फोटो मी बाजूला ठेवीन आणि जीवशास्त्राच्या वर्गाचा हातात घेईन. तो सरकारी असला तरी. कारण कपड्यांवर भांडत बसलो की बाकाचा प्रश्न राहून जातो. सप्टेंबर २०२१ पासून तिथे सहावीनंतरच्या मुलींना शाळा बंद आहे, डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठही. ऑफिसच्या ग्रुपवर उत्तर देताना 'हे अमेरिकेमुळे' एवढंच लिहून आपण सुटलो, तर आपणही त्या मुलीला चौकटीबाहेर ढकललं. अमेरिकेचा हिशेब वेगळा मांडता येतो, तो मांडावा. पण वर्गाला कुलूप लावणारा हात दीनाचं नाव घेतो आहे, आणि त्याला 'आमच्या दीनात इल्म मुलीवरही फर्ज आहे' हे आपणच म्हणायला हवं, इथून, मराठीत. त्या ग्रुपमधल्यांना खूश करायला नव्हे. आपल्याकडेही दहावीनंतर घरी बसवलेल्या मुली आहेत, तुमच्याच मोहल्ल्यात असतील.

आता ज्यांनी घरचे जुने फोटो आणलेत त्यांनी पुढे या. अल्बममधून काढताना कडेला धरा. मागच्या बाजूला हलक्या हाताने पेन्सिलने लिहायचं, शाईने नाही: कोण, कुठे, कोणतं साल, फोटो कोणी काढला. बायकांची नावंही लिहायची, नुसतं 'अब्बांची अम्मी' नको. नाव माहीत नसेल तर आज रात्री घरी नानीला विचारा.