तापाचे नेमके नाव



फॅमिली डॉक्टरांच्या या अधिवेशनाचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, याबद्दल मनापासून आभार. पावसाळा तोंडावर आला आहे. लवकरच आपल्या दवाखान्यांत गर्दी होईल आणि पेशंट सांगत येतील, 'डॉक्टर, फ्लू झालाय.' त्या एका नावाखाली किती वेगवेगळे आजार येतात, ते नीट ओळखणे आणि पेशंटला समजावून सांगणे हे आपले कर्तव्य आहे.

खरा इन्फ्लुएन्झा विषाणूंचा. त्याचे ए, बी, सी आणि डी असे चार प्रकार. जगभराच्या महासाथी आणतो तो ए, कारण तो पक्ष्यांत आणि डुकरांतही वावरतो आणि तिथून नवे रूप घेऊन येतो. १९१८ची महासाथ त्याचीच. २००६मध्ये नवापूरच्या कोंबड्यांत सापडलेला एच५एन१ हाही ए आणि २००९मध्ये पुणे हादरवणारा एच१एन१ हाही ए. तोच एच१एन१ आज दरवर्षीच्या फ्लूत मिसळून गेला आहे. तरीही रिपोर्टवर 'स्वाइन फ्लू' वाचून घरच्यांचे हातपाय गळतात, आणि नुसते 'फ्लू' म्हटले की तेच निर्धास्त होतात. दोन्ही चूक. बी मुख्यतः माणसांतच फिरतो, पण मुलांना चांगलाच आजारी पाडतो. सी बहुधा सौम्य असतो, तर डी प्रामुख्याने गुरांत आढळतो.

आता नामसाधर्म्याचा घोळ पाहा. १८९२मध्ये रिचर्ड फायफर यांनी फ्लूच्या रुग्णांत सापडलेला एक जिवाणूच या रोगाचे कारण असल्याचे जाहीर केले. माणसातला फ्लूचा खरा विषाणू १९३३मध्ये लंडनला हाती लागला, पण जिवाणूचे हिमोफिलस इन्फ्लुएन्झी हे नाव कायम राहिले. त्याचा बी प्रकार, म्हणजे हिब, लहान मुलांना मेंदूज्वर आणि न्यूमोनिया करतो. तिथे वेळेवर अँटिबायोटिक हवे. ओसेल्टामिविरचा काही उपयोग नाही. हिबची लस बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलेंटमधून मिळते. कार्डावरच्या त्या तीन नोंदी दाखवून आई म्हणते, 'फ्लूची लस झालीय.' ती झालेली नसते. फ्लूची लस वेगळी, आणि ती दरवर्षी घ्यावी लागते.

पॅराइन्फ्लुएन्झाही निराळाच विषाणू. मध्यरात्री मूल भुंकल्यासारखे खोकू लागते, श्वास आत घेताना घुर्र आवाज येतो, तेव्हा त्याची आठवण ठेवा. आणि 'पोटाचा फ्लू' म्हणजे बहुतेकदा नोरो किंवा रोटा विषाणू. तिथे ओआरएसच जीव वाचवते.

म्हणून माझे तुमच्याकडे तीन आग्रह आहेत. गरोदर स्त्रिया, वृद्ध, दमेकरी आणि मधुमेही यांना फ्लूचा दाट संशय असेल, तर रिपोर्टची वाट न पाहता ओसेल्टामिविर सुरू करा. पहिल्या ४८ तासांत त्याचा गुण सर्वाधिक येतो. साध्या विषाणूजन्य तापाला अँटिबायोटिक लिहू नका, पेशंटने हट्ट धरला तरीही. आणि केसपेपरवर आजाराचे नेमके नाव लिहा. खात्री नसेल तिथे 'फ्लू' न लिहिता 'विषाणूजन्य ताप' लिहा. तो कागद उद्या दुसऱ्या डॉक्टरांच्या हाती जाणार आहे आणि पुढचे उपचार त्यावरून ठरणार आहेत. हे तीन नियम आपण सर्वांनी या पावसाळ्यापासूनच पाळावेत, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.