चौकटींतील चौकटी

चारकोपची म्हाडाची वसाहत १९८० च्या दशकांत जागतिक बँकेच्या साहाय्यानें वसली. सुमारें ३५ घरांची मिळून एक संस्था, अनेक संस्थांचा मिळून एक सेक्टर. घरीं पाणी आलें नाहीं, तर गृहस्थ दुसऱ्या संस्थेच्या टाकीची चावी फिरवीत नाहीं. आपल्या चिटणिसास कळवितो.

संगणकाच्या पडद्यावरहि अशीच रचना असते: खिडकींत फलक, फलकांत बटण. बटणानें ‘दाब पडला’ एवढेंच वर कळवावें. खिडकीनें निर्णय करून योग्य त्या फलकास आज्ञा द्यावी. बटणच परस्पर शेजारच्या फलकांतील मजकूर बदलूं लागलें, तर तो फलक काढतांच बटणहि निकामी होतें.

जें बटण आपल्या चौकटीबाहेरचें कांहीं जाणत नाहीं, तेंच उद्यां दुसऱ्या खिडकींत निर्धास्तपणें बसवितां येतें.