श्रीहरिकोट्याच्या दोन फेऱ्या
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यवाहांनी "प्रवासाविषयी काही बोला" अशी आज्ञा केली तेव्हा आम्ही थोडे संकोचलो. हिमालयात, काशीला, सातासमुद्रांपलीकडे जाऊन आलेली मंडळी या सभागृहात बसली आहेत. आमचा प्रवास उण्यापुऱ्या शंभर किलोमीटरांचा. सकाळी चेन्नईहून निघालेला मनुष्य जेवायला घरी परत येऊ शकेल, एवढाच. परंतु या शंभर किलोमीटरांसाठी आम्हांला दोनदा घराबाहेर पडावे लागले, आणि त्यांपैकी पहिली फेरी, जिच्यात पाहण्यासारखे काहीच घडले नाही, ती आमच्या घरात अधिक काळ स्मरणात राहिली. तिचीच हकीकत सांगावी म्हणून उभे राहिलो आहोत.

आपल्या मंडळाची स्थापना १९७५ सालची. त्याच वर्षी १९ एप्रिलला आर्यभट हा भारताचा पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात गेला. मात्र तो गेला सोव्हिएत भूमीवरून आणि सोव्हिएत अग्निबाणावर बसून. घर आपले होते, पण अंगण दुसऱ्याचे होते. परमुलखात भाड्याच्या खोल्यांत गणपती बसविणाऱ्या आपल्या पहिल्या पिढीला या स्थितीचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही. स्वतःच्या भूमीवरून, स्वतःच्या अग्निबाणाने, स्वतःचा उपग्रह कक्षेत पोचविण्यासाठी १८ जुलै १९८० हा दिवस उजाडावा लागला. ते अंगण म्हणजे श्रीहरिकोटा.

हे बेट आपल्याला किती जवळ आहे याची पुष्कळांना कल्पना नसते. चेन्नईहून उत्तरेकडे निघावे, गुम्मिडीपूंडी मागे टाकावी, राज्याची सीमा ओलांडली की तडा लागते, पुढे सुळ्ळूरपेटा. तेथे हमरस्ता सोडून समुद्राकडे वळले की दोन्ही बाजूंना पुलिकतचे मचूळ पाणी आणि मधून बांधावरचा सरळ रस्ता. हिवाळ्यात या उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. पाणी संपते तेथे बेट सुरू होते आणि बेटापलीकडे बंगालचा उपसागर.

हीच जागा का, असा प्रश्न मुले विचारतात, आणि तो विचारण्याजोगा आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. या अक्षांशावर तिच्या फिरण्याचा वेग सेकंदाला सुमारे साडेचारशे मीटर भरतो. पूर्वेकडे तोंड करून उडणाऱ्या अग्निबाणाला तेवढा वेग आयता मिळतो. शिवाय पूर्वेला समुद्र असल्यामुळे जळून रिकामे झालेले टप्पे कोणाच्या डोक्यावर पडत नाहीत. पूर्व किनाऱ्यावरील जागेच्या शोधात विक्रम साराभाईंचे सहकारी एकनाथ चिटणीस होते, ते कोल्हापूरचे. अग्निबाणाच्या घन इंधनाचे शास्त्र ज्यांनी येथे रुजविले त्या वसंतराव गोवारीकरांना पुण्याचे लोक आपले मानतात. विकास नावाच्या द्रव इंधनाच्या एंजिनांचे काम मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात होते. हे अभिमानाने सांगावे, परंतु आणखी एक गोष्ट तितक्याच आदराने सांगितली पाहिजे. हे बेट ओसाड नव्हते. येथे यानादी नावाचे आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. त्यांच्या भूमीवर हे केंद्र उभे आहे. परमुलखात घर करणाऱ्याने त्या भूमीच्या मूळ रहिवाशाची आठवण ठेवावी, हा धर्म आपल्यालाही लागू आहे.

आता आमच्या पहिल्या फेरीकडे वळतो. २०१९ च्या एप्रिलपासून सर्वसामान्य नागरिकांना नावनोंदणी करून श्रीहरिकोट्याच्या प्रेक्षकसज्जातून प्रक्षेपण पाहता येऊ लागले. त्याच वर्षी १५ जुलैला पहाटे २ वाजून ५१ मिनिटांनी चंद्रयान २ निघणार असे जाहीर झाले. आम्ही उभयता, नववीतला मुलगा, पाचवीतली मुलगी आणि त्या वेळी वाईहून आलेल्या आमच्या मातोश्री, अशी पाच माणसे १४ तारखेच्या सायंकाळी गाडीतून निघालो. आषाढी एकादशी होऊन दोनच दिवस झाले होते. दशम्या, कोरडी चटणी, गूळ-शेंगदाणे आणि पाण्याची कळशी गाडीत ठेवताना मातोश्री म्हणाल्या, "पंढरीला जाणे झाले नाही, तर ही वारी."

मुलगा मात्र घुम्यासारखा बसला होता. त्या उन्हाळ्यात एका स्पर्धापरीक्षेत त्याला यश आले नव्हते. वर्षभर पहाटे उठून केलेला अभ्यास वाया गेला असे त्याच्या मनाने घेतले होते, आणि जूनपासून त्याने त्या विषयाचे पुस्तक उघडले नव्हते. आम्ही समजावून पाहिले, रागावूनही पाहिले. त्याला या सहलीत ओढून नेण्यामागे आमचा थोडा स्वार्थ होता, हे सांगायला हरकत नाही.

सज्जात पोचलो तेव्हा रात्र चढली होती. तेलुगू, तमिळ, कन्नड, हिंदी, मल्याळी, सगळ्या भाषा कानांवर पडत होत्या. त्याच रात्री इंग्लंडात क्रिकेटच्या विश्वचषकाचा अंतिम सामना चालू होता. त्यामुळे निम्मी तरुण मंडळी हातातल्या दूरध्वनीवर धावा मोजत होती आणि निम्मी पडद्यावर उलटगणतीचे आकडे. शेजारच्या तेलुगू कुटुंबातील आजीबाईंनी मातोश्रींना पुलिहोरा दिला, मातोश्रींनी त्यांना दशमी दिली. दोघींना एकमेकींचे एक अक्षर कळत नव्हते, तरी त्यांचे संभाषण तासभर चालले.

मध्यरात्र उलटली. दोन वाजण्याच्या सुमारास, उड्डाणाला ५६ मिनिटे आणि २४ सेकंद उरले असता, पडद्यावरचे घड्याळ थांबले. प्रथम कोणाच्या लक्षात आले नाही. मग कुजबूज सुरू झाली. थोड्या वेळाने जाहीर झाले, की प्रक्षेपकाच्या यंत्रणेत तांत्रिक दोष आढळल्याने खबरदारी म्हणून आजचे उड्डाण रद्द करण्यात येत आहे. राष्ट्रपती रामनाथ कोविंद त्या रात्री श्रीहरिकोट्यात उपस्थित होते. देशभर लोक जागे होते. तरीही घड्याळ थांबविण्यात आले.

परतीच्या बांधावर गाड्यांची रांग लागली. मुलगी झोपली. मुलगा मात्र एकाएकी बोलू लागला. "एवढे मोठे शास्त्रज्ञ, आणि एक यान वेळेवर उडवता येत नाही! सगळी मेहनत फुकट." तो यानाविषयी बोलत होता की स्वतःविषयी, हे आम्हां दोघांना ओळखता आले, पण उत्तर सुचले नाही. उत्तर मागच्या आसनावरून आले. मातोश्री म्हणाल्या, "अरे, मुहूर्त टळला म्हणून लग्न मोडत नाही. घाईने अक्षता टाकल्या तर मात्र जन्माचा घोळ."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला एक जुनी हकीकत सांगितली. आपल्यातील मुलांसाठी ती येथेही सांगतो. १० ऑगस्ट १९७९ रोजी याच श्रीहरिकोट्यावरून एसएलव्ही ३ हा भारताचा पहिला उपग्रहवाहक अग्निबाण उडणार होता. प्रकल्पाचे प्रमुख होते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. उलटगणतीच्या शेवटच्या टप्प्यात संगणकाने थांबण्याचा इशारा दिला. तज्ज्ञांचा सल्ला घेऊन कलामांनी तो इशारा बाजूला सारला आणि अग्निबाण सोडला. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेत गळती झाली होती. काही मिनिटांत सारे बंगालच्या उपसागरात गेले. कलामांनी ही हकीकत पुढे स्वतःच अनेकदा, काही न लपविता सांगितली. त्या दिवशी वार्ताहरांपुढे जाऊन अपयशाची जबाबदारी स्वतःवर घेतली ती संस्थेचे अध्यक्ष सतीश धवन यांनी. आणि पुढच्या वर्षी १८ जुलैला जेव्हा रोहिणी उपग्रह कक्षेत पोचला, तेव्हा वार्ताहरांना सामोरे जाण्यास धवनांनी कलामांना पाठविले. आज त्या केंद्राला धवनांचे नाव आहे. २०१९ च्या त्या रात्री घड्याळ थांबविणाऱ्यांच्या मागे अशी चाळीस वर्षांची शिकवण उभी होती.

आठ दिवसांत दोष दूर झाला आणि २२ जुलैला दुपारी २ वाजून ४३ मिनिटांची वेळ ठरली. सोमवार होता. कचेरीतून पुन्हा रजा, शाळेतून पुन्हा रजा, आणि मातोश्रींचे परतीचे आरक्षण रद्द करणे. आम्ही कचरत होतो. मातोश्री म्हणाल्या, "गाडी रोज सुटते." मुलाने काहीच म्हटले नाही, पण रविवारी रात्री गाडीच्या चाकांतील हवा त्याने न सांगता तपासून आणली.

प्रत्यक्ष उड्डाणाचे वर्णन करताना भाषा तोकडी पडते, तरी प्रयत्न करतो. अग्निबाण ४३ मीटरांहून उंच, म्हणजे आपल्याकडच्या चौदामजली इमारतीएवढा, आणि वजनाला ६४० टन. दोन्ही बगलांना घन इंधनाचे दोन प्रचंड नळे, प्रत्येकात दोनशे टनांहून अधिक इंधन. शून्य म्हटल्याबरोबर ते दोन्ही पेटतात. इंधनात ॲल्युमिनियमची भुकटी असल्यामुळे ज्वाळा अशी लखलखीत असते, की ढगाळ दुपारीही डोळे दिपले. दूरचित्रवाणीवर कधी न कळणारी गोष्ट अशी, की आरंभी सारे निःशब्द असते. अग्निबाण वर चढतो आहे, खाली पांढऱ्या धुराचे डोंगर उठत आहेत, आणि कानांवर काहीच येत नाही. प्रकाश तत्काळ पोचतो, ध्वनीला मात्र किलोमीटरमागे तीन सेकंद लागतात. मुलीला आम्ही शिकवून ठेवले होते. ज्वाळा दिसताच ती अंक मोजू लागली, आणि त्या अंकांना तीनांनी भागून तिने मंचापासूनचे आपले अंतर काढले. मग आवाज आला. तो कानांनी ऐकण्याआधी छातीत कळतो. मोठा ढोलताशा अंगावरून जावा आणि जाता जाईना, तसा. थोड्याच वेळात अग्निबाण ढगांत शिरला. दिसेनासा झाल्यावरही तो कितीतरी वेळ ऐकू येत होता. सोळा मिनिटांनी यान कक्षेत पोचल्याचे जाहीर झाले, आणि अनोळखी माणसांनी एकमेकांचे हात हातात घेतले. मातोश्रींनी हात जोडले होते. १९६९ च्या जुलैमध्ये, माणूस चंद्रावर उतरल्याची वार्ता त्यांनी वाईत आकाशवाणीवर ऐकली होती. त्या वार्तेलाही त्या आठवड्यात पन्नास वर्षे झाली होती.

आठवडा वाया गेला का? शास्त्रज्ञांनी पुढच्या वाटचालीचे गणित नव्याने मांडले. चंद्राभोवती फिरण्याचे दिवस कमी केले आणि चंद्रावर उतरण्याचा दिवस ६ सप्टेंबरवरून केवळ ७ सप्टेंबरवर गेला. सात दिवसांचा विलंब वाटेत भरून निघाला. हे गणित मुलाने वर्तमानपत्रातून कापून ठेवले. जूनपासून मिटलेले त्याचे पुस्तक केव्हा उघडले गेले, ते आम्ही विचारले नाही.

७ सप्टेंबरच्या पहाटे अवतरक यानाशी संपर्क तुटला, हे आपण जाणता. त्या पहाटे आमच्या घरात "मेहनत फुकट" असे कोणी म्हटले नाही. मागे राहिलेले परिक्रमायान चंद्राभोवती काम करीत राहिले, आणि चार वर्षांनी आलेल्या चंद्रयान ३ शी संपर्क राखण्यास उपयोगी पडले. २३ ऑगस्ट २०२३ च्या सायंकाळी ते चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, तेव्हा आपण सारे याच सभागृहात पडद्यापुढे बसलो होतो. आमचा मुलगाही होता. तो शास्त्रज्ञ झालेला नाही. वाणिज्य शाखेत शिकत होता. यान उतरल्यावर सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि त्याने बाहेर जाऊन प्रथम वाईला आजीला दूरध्वनी केला.

बंधुभगिनींनो, घरी बसून दूरचित्रवाणीवर उड्डाण अधिक स्पष्ट दिसते, हे खरे आहे. परंतु तेथे उड्डाण रद्द झाले की आपण कळ दाबून दुसरा कार्यक्रम लावतो. थांबलेल्या घड्याळापुढे रात्री दोन वाजता उभे राहण्याचा योग प्रत्यक्ष जाणाऱ्यालाच येतो. यशाचे धडे मुलांना शाळेत पुष्कळ मिळतात. हजारो डोळे लागलेले असताना "आज नको" म्हणण्याचे धैर्य आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागण्याची चिकाटी, हा धडा मात्र पुस्तकातून समजावणे आम्हां आईबापांना जमले नव्हते. तो पुलिकतच्या बांधावर मिळाला.

म्हणून आमची विनंती एवढीच, की आपल्यापैकी प्रत्येक कुटुंबाने मुलाबाळांसह, शक्य तर घरातील वडीलधाऱ्यांसह, एकदा श्रीहरिकोट्याला जावे. नावनोंदणी वेळेवर करावी. ओळखपत्र, पाणी आणि शिदोरी जवळ ठेवावी. सूर्याकडे व ज्वाळेकडे मुलांना दुर्बिणीतून पाहू देऊ नये. आणि त्याच दिवसाच्या परतीच्या गाडीचे आरक्षण शक्यतो करू नये. उड्डाण झाले तर आनंदच आहे. न झाले, तर मुलांची समजूत काढण्याची घाई करू नये. परतीच्या वाटेवर त्यांना बोलू द्यावे.